चाचणीचा बटण गुलाब: रोप घरी नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

तुमच्या हातातली कुंडी बाजारात कुठे विकत मिळणार नाही. त्यातले रोप आमच्याच रोपवाटिकेत बियांपासून उगवले आहे. त्याला अजून नाव नाही, लेबलवर फक्त क्रमांक आहे. रोपाचे पैसे आम्ही घेतलेले नाहीत. त्याऐवजी एक काम मागतो आहोत: वर्षभर हे रोप तुमच्या गच्चीवर, बाल्कनीत किंवा अंगणात वाढवा आणि ते जसे दिसेल तसे सोबतच्या कागदावर लिहा.

आमच्याकडे शेडनेट आहे, ठिबक आहे, रोज बघणारी माणसे आहेत. अशा लाडात वाढलेले रोप चांगले दिसणारच. ते अलिबागच्या दमट हवेत, सोलापूरच्या उन्हात किंवा ठाण्यातल्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीत कसे वागते, हे कळल्याशिवाय त्याला नाव देऊन विकणे आम्हाला पटत नाही.

बटण गुलाब कशाला म्हणायचे

फूल लहान म्हणजे बटण गुलाब, असा समज आहे. तो अपुरा आहे. खऱ्या बटण गुलाबात, म्हणजे मिनिएचरमध्ये, फूल, पान, फांदी, दोन पानांमधले अंतर, सगळेच एका मापात लहान असते. झुडूप साधारण १५ ते ४५ सेंटिमीटर, फूल अडीच ते चार सेंटिमीटर. फूल लहान पण फांद्या कमरेपर्यंत जाणाऱ्या, असे रोप सुंदर असू शकते, पण त्याला मिनिएचर म्हणून विकू नये. जरा मोठ्या मापाच्या गुलाबांसाठी अमेरिकन रोझ सोसायटीने १९९९मध्ये ‘मिनीफ्लोरा’ हा वेगळा वर्गच केला.

हे बुटकेपण आले चीनच्या गुलाबातून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात कुंडीतले छोटे चिनी गुलाब लोकप्रिय होते, मग ते विस्मरणात गेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉ. रूले यांना स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात खिडक्यांतल्या कुंड्यांमध्ये असे एक चिमुकले झाड दिसले. वनस्पतीतज्ज्ञ आंरी कोरेव्हों यांनी त्याला रूले यांचेच नाव दिले: ‘रूलेटी’. हॉलंडमधल्या बोस्कूपचे यान दे व्हिंक यांनी त्याचा ‘ग्लोरिया मुंडी’ या पॉलिअँथा (झुपक्यांत लहान फुले देणाऱ्या) गुलाबाशी संकर केला. त्यातून निघालेला लाल, मध्यभागी पांढरट असा ‘पिऑन’ अमेरिकेत १९३६मध्ये ‘टॉम थम्ब’ नावाने विकला गेला, आणि बटण गुलाबांचे आधुनिक युग सुरू झाले. स्पेनच्या पेद्रो दोत यांनीही त्या काळात उत्तम काम केले.

पण आम्ही ज्यांना गुरू मानतो ते कॅलिफोर्नियातल्या व्हायसेलियाचे राल्फ मूर. जन्म १९०७, मृत्यू २००९. सेकोया नर्सरी नावाची त्यांची साधी रोपवाटिका होती आणि वयाची शंभरी गाठेपर्यंत ते संकर करत राहिले. त्यांचा पिवळा ‘राइज अँड शाइन’ (१९७७) आणि पांढऱ्या पाकळ्यांना लाल कड असलेला ‘मॅजिक कॅरोसेल’ (१९७२) या दोघांची आई एकच: ‘लिटल डार्लिंग’. गंमत म्हणजे ती मिनिएचर नाही, चांगली मोठी वाढणारी फ्लोरिबंडा (झुपक्यांनी फुलणारा बागेतला गुलाब) आहे. मोठ्या झाडाला आई करायचे आणि पराग बुटक्याचा घ्यायचा, ही वाट मूर यांनी पुन्हापुन्हा वापरली. बुटकेपणाचा गुण प्रभावी असल्यामुळे पुढच्या पिढीत तो उतरतो, आणि मोठ्या आईकडून रंग, फुलाचा आकार, काटकपणा मिळतो. तुमच्या रोपाची आईसुद्धा फ्लोरिबंडाच आहे.

बियांपासून रोपापर्यंत

दसऱ्याच्या सुमारास छाटणी केली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरपूर कळ्या येतात. संकर आम्ही तेव्हाच करतो, म्हणजे फळ कडक उन्हाळ्याआधी पिकते. कळी उमलण्याच्या बेतात असताना पाकळ्या काढतो, बारीक चिमट्याने सगळे पुंकेसर काढतो आणि वर बटर पेपरची पिशवी चढवतो. एक पुंकेसर जरी राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळू शकते आणि वर्षाचा हिशेब चुकतो. दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसरांची टोके चिकट झाली की ब्रशने बापाचा पराग लावतो, आईबापाची नावे आणि तारीख लिहून चिठ्ठी बांधतो.

सगळीच फुले फळत नाहीत. जुन्या चिनी बुटक्या गुलाबात गुणसूत्रे १४, तर बागेतल्या बहुतेक मोठ्या गुलाबांत २८. दोघांच्या संततीत ती २१ होतात, आणि अशा रोपाला पुढे बी धरणे जड जाते. म्हणून कित्येक देखणी रोपे स्वतः आईबाप होऊ शकत नाहीत, त्यांच्यापाशी वंश थांबतो.

फळ पिकायला साडेतीन-चार महिने लागतात. हिरवे फळ केशरी झाले की बी काढून जपतो. गुलाबाच्या बियांना थंडी लागल्याशिवाय जाग येत नाही, म्हणून पेरणीआधी साधारण दोन महिने ते ओलसर कोकोपीटमध्ये घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो. पेरणी दिवाळीनंतर. निम्मे बी उगवले तरी आम्ही समाधानी असतो. उगवलेल्यांपैकी काही रोपे पहिल्याच आठवड्यांत बुरशीने कोलमडतात. उरलेल्यांना दोनेक महिन्यांत पहिली कळी येते.

एकाच फळातल्या दोन बियांची रोपे सारखी नसतात, सख्ख्या भावंडांत असतो तसा फरक असतो. पहिल्या फुलावर मात्र निर्णय घ्यायचा नाही. लहान रोपाच्या पहिल्या फुलाला पाकळ्या कमी असतात, रंगही नीट बसलेला नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या बहरानंतर खरे रूप दिसते. बहुतेक रोपे तेव्हा बाद होतात. जी राहतात त्यांची छाटकलमे करतो आणि कलमांत तेच गुण जसेच्या तसे येतात का ते पाहतो. बटण गुलाब स्वतःच्या मुळांवर छान वाढतो, त्याचा डोळा खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जंगली गुलाबाच्या मुळावर, भरण्याची गरज नसते. त्यामुळे खालून जंगली फुटवा येण्याची भीतीही नाही.

आमचे वर्णन सोबत का दिलेले नाही

या रोपाचे आमचे वर्णन तयार आहे, पण ते मुद्दाम दिलेले नाही. ‘जर्दाळू रंग, मंद सुवास’ असे आधी वाचले की माणसाला तेच दिसते आणि तोच वास येतो. तुमचा कागद कोरा राहू द्या.

रंगाबद्दल सर्वात जास्त काळजी घ्या. गुलाब पाहण्याच्या धंद्यात लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता वापरतात. त्यात प्रत्येक छटेला क्रमांक असतो आणि पट्टीला भोक असते. भोकाखाली पाकळी धरून जुळणारी छटा शोधायची. हा तक्ता महाग आहे, तो तुमच्याकडे असावा अशी अपेक्षा नाही. तुम्ही रंग ओळखीच्या गोष्टीवरून सांगा: हापूसच्या फोडीसारखा, शेंदरी, अबोलीसारखा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. लाल रंग फोटोत भडक होतो आणि जांभळट छटा नाहीशी होते. सकाळी, थेट ऊन नसलेल्या उजेडात पाहा. पाकळीची आतली बाजू, बाहेरची बाजू आणि बुडाशी असलेला ठिपका, तिन्ही वेगळे लिहा. मग तेच फूल तिसऱ्या दिवशी पाहून पुन्हा लिहा, कारण पिवळे आणि केशरी गुलाब उमलल्यावर फिके पडतात. डिसेंबरमध्ये गडद असलेला रंग एप्रिलमध्ये धुवून गेल्यासारखा दिसू शकतो, फूलही लहान होते. म्हणून प्रत्येक नोंदीवर तारीख हवीच. तारखेशिवाय लिहिलेला रंग आमच्या उपयोगाचा नाही.

पाकळ्या पूर्ण उमललेल्या फुलाच्या मोजा. एका फुलावर थांबू नका, पाचेक फुले मोजून सर्वात कमी आणि सर्वात जास्त असे दोन आकडे द्या. मध्यभागी केसरांजवळ ज्या अर्धवट, आखूड पाकळ्या असतात त्या वेगळ्या लिहा. गुलाबांच्या वर्गवारीत ८पर्यंत पाकळ्या म्हणजे एकेरी, ९ ते १६ निमदुहेरी, १७ ते २५ दुहेरी, २६ ते ४० भरगच्च आणि त्यापुढे अतिभरगच्च. तुमच्या नोंदींवरून आम्ही वर्ग ठरवू.

वास सकाळी नऊच्या सुमारास घ्या, हवा थोडी तापल्यावर. नाही, मंद, चांगला, एवढे तीन शब्द पुरेत. बहुतेक बटण गुलाबांना वास नसतो किंवा अगदी थोडा असतो, त्यामुळे ‘नाही’ लिहायला संकोच करू नका.

पाने, नवी पालवी आणि काटे यांचे रकाने कागदावर आहेत, ते पाहून भरा. एक गोष्ट मात्र आवर्जून लिहा: फूल सुकल्यावर पाकळ्या आपोआप गळतात, की तपकिरी होऊन झाडालाच चिकटून राहतात? बाल्कनीतल्या माणसाला याचा रोज फरक पडतो आणि कॅटलॉगमध्ये हे कोणी छापत नाही.

रोग लपवू नका. पानावर सहा-सात तास ओल टिकली की काळा ठिपका हा बुरशीचा रोग धरतो, त्यामुळे कोकणातल्या नोंदी आम्हाला सर्वात मोलाच्या. देशावर थंडीत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी), उन्हाळ्यात लाल कोळी आणि फुलकिडे पाहा. पहिल्या पावसाळ्यात शक्य झाल्यास बुरशीनाशक फवारू नका. रोपाची स्वतःची ताकद तेव्हाच कळते. झाड अगदीच पाने टाकू लागले तर निंबोळी अर्कापासून सुरुवात करा आणि तारीख लिहा. रोप मेले तरी कागद पाठवा. कुठे, कधी, कसे मेले हे आम्हाला हवे आहे.

कलम कोणाला देऊ नका

हे कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे शेजारी फांदी मागतात आणि आपण देतो. भारतात पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ आहे. त्याखाली नोंदणीसाठी वाण नवे, इतरांहून वेगळे, एकसारखे आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावे लागते. अर्जाच्या आधी भारतात एक वर्षाहून जास्त काळ ते विकले गेले असेल, तर ते नवे धरत नाहीत. फक्त चाचणीसाठी दिलेले, न विकलेले रोप या नियमाच्या आड येत नाही. तुम्ही दिलेली फांदी तिसऱ्याच्या हातून विक्रीला गेली, तर हा हिशेब बिघडतो. नोंदणी झाल्यावर तुम्हाला हवी तेवढी कलमे आम्हीच देऊ.

एखादी फांदी अचानक वेगळ्या रंगाचे फूल देऊ लागली, किंवा वेलासारखी लांब धावली, तर ती कापू नका. गुलाबवाले त्याला ‘स्पोर्ट’ म्हणतात. त्या फांदीला दोरा बांधा आणि लगेच फोन करा.

देखभाल

आठ इंची कुंडी, तळाशी पाणी निघायला भोक. माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, त्यात मूठभर निंबोळी पेंड. ऊन किमान पाच तास. पाणी बुडाशी घाला, पानांवर नको. ऑक्टोबरमध्ये निम्म्यापर्यंत छाटा, एरवी सुकलेली फुले पहिल्या पूर्ण पानापर्यंत कापत राहा.

नोंदींचा कागद होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा रोपवाटिकेत आणून द्या. येणे जमत नसेल तर दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. लेबलवरचा क्रमांक फोटोत दिसेल असे पाहा.