जीटीए ऑनलाइनमधला गाड्यांचा बाजार आणि खरेदीचा बदलता कल

रॉकस्टार गेम्सच्या ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन या गेममध्ये खेळाडू गेमच्याच पैशांनी कार, बाइक, हेलिकॉप्टर, विमानं, अगदी पाणबुडीसुद्धा विकत घेतात, त्या सगळ्या खरेदी-विक्रीला गाड्यांचा बाजार म्हणतात. गेम १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाला आणि तेव्हापासून लोक काय घेतात, कशासाठी घेतात हे इतक्या वेळा बदललंय की दोन वर्षं गेम सोडून परत आलेला माणूस दुसऱ्यांची गॅरेजं बघून गोंधळूनच जातो.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही की इथे भाव बाजार ठरवत नाही. फोन काढायचा, इंटरनेट उघडायचं, लेजेंडरी मोटरस्पोर्ट किंवा सदर्न सॅन अँड्रियास सुपर ऑटोजच्या साइटवर जायचं, शस्त्रं लावलेली गाडी हवी असेल तर वॉरस्टॉक, रंग निवडायचा, गॅरेज निवडायचं, झालं. माल कधी संपत नाही, एक लाख लोकांनी तीच गाडी घेतली तरी किंमत एक डॉलरने हलत नाही. एका खेळाडूने दुसऱ्याला गाडी विकायची सोयच गेममध्ये नाही (ग्लिच, म्हणजे गेममधली चूक, वापरून मित्राला गाडी द्यायचे प्रकार खूप झाले, पण तो वेगळा विषय). नकोशी झालेली गाडी लॉस सँटोस कस्टम्समध्ये नेऊन विकली की साधारण ६० टक्के किंमत परत मिळते. याच्या उलट टोकाला ईव्ह ऑनलाइन आहे, तिथे जहाजं खेळाडूच बनवतात, खेळाडूच विकतात आणि भाव रोज वरखाली होतात, त्या बाजारावर लक्ष ठेवायला आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००७ मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ कामावर ठेवला. जीटीएमध्ये भाव स्थिर आणि माणसं हलतात, म्हणून इथे कल ओळखायचा तर किंमत बघून उपयोग नाही, लोकांच्या हातात पैसा किती लवकर येतोय आणि रस्त्यावर त्यांना कशाची भीती वाटतेय हे बघावं लागतं. माझ्या मते या दोन गोष्टींनी निम्म्याहून जास्त खरेदी समजते.

सुरुवातीच्या काळात खरेदी म्हणजे शान आणि स्पीड. अ‍ॅडर ही सुपरकार गेमच्या १० लाख डॉलरची, ती घेतली की शहरात मिरवायचं. मग २०१४ मध्ये तुरिस्मो आर ५ लाखांना आणि झेंटोर्नो ७ लाख २५ हजारांना आली आणि रेस खेळणारे सगळे तिकडे वळले, कारण कमी पैशांत जास्त वेगवान गाडी मिळत होती. पुढच्या वर्षी ओसिरिस आणि २२ लाखांची टी२० आली, तेव्हा झेंटोर्नोवाले पुन्हा पैसे जमवायला बसले. हे चक्र रेसवाल्यांमध्ये आजही तसंच चालू आहे. नवीन गाडी आली की यूट्यूबवर कोणीतरी तिचा लॅप टाइम मोजतो, यादीत ती कितवी आली ते कळतं आणि वरच्या दोन-तीनच गाड्या खपतात, बाकीच्या दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या फक्त आवड असलेला माणूस घेतो.

मार्च २०१५ च्या हाईस्ट (मोठ्या चोरीची मिशनं) अपडेटने विचार करायची पद्धतच बदलली. आर्मर्ड कुरुमा आली, जिच्या काचांमधून गोळी सहसा आत येत नाही, आणि लोकांना पहिल्यांदा जाणवलं की गाडी हे कामाचं हत्यार आहे, ती घेतली की मिशन सोपं जातं आणि पैसा लवकर सुटतो. त्याच सुमाराला ट्रेड प्राइस हा प्रकार रुळला, म्हणजे ठरावीक मिशन पूर्ण केलं की तीच गाडी स्वस्तात मिळते, हायड्रा जेट ३९ लाख ९० हजारांऐवजी ३० लाखांना. त्यामुळे खरेदीचा क्रम बदलला. आधी पैसे साठवून गाडी घ्यायचे, आता आधी मिशन खेळून किंमत खाली आणायची आणि मग घ्यायची. ज्याला घाई असते तो पूर्ण किंमत मोजतो, किंवा खऱ्या पैशांनी गेमचे पैसे देणारं शार्क कार्ड घेतो, आणि घाई करायला लावणं हाच कंपनीचा धंदा आहे हे लक्षात ठेवलं की बऱ्याच किमतींचा अर्थ लागतो.

मग आली भीतीची वर्षं. २०१७ मध्ये गनरनिंग अपडेटबरोबर पहिली ओप्रेसर बाइक, डिसेंबरमध्ये उडणारी कार डेलुक्सो, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात आफ्टर अवर्स अपडेटमध्ये ओप्रेसर मार्क टू, किंमत ३८ लाख ९० हजार २५०, ट्रेड प्राइस २९ लाख २५ हजार. ही बाइक हवेत उडते, गाइडेड मिसाइल मारते, ट्रॅफिक नावाची गोष्टच उरत नाही. ज्यांनी तो काळ खेळलाय त्यांना आठवत असेल, अर्धा तास घालवून गेममधल्या आपल्या धंद्याचा माल भरलेला ट्रक घेऊन निघायचं, नकाशावर दुसऱ्या खेळाडूच्या त्या बाइकची छोटी खूण आपल्याकडे वळलेली दिसायची, घरघर ऐकू यायची आणि ट्रक खलास. अशा वेळी माणूस दोनपैकी एक करतो, एकतर स्वतः मार्क टू घेतो नाहीतर तिच्यापासून वाचवणारं काहीतरी घेतो. दोन्ही बाजूंनी खरेदी वाढली. ज्याला कोणालाही त्रास द्यायचा नव्हता त्यानेसुद्धा कामांची धावपळ वाचावी म्हणून ती घेतली, इतकी ती सोयीची होती. डिसेंबर २०२१ मध्ये द काँट्रॅक्ट अपडेटने इमानी टेक आणलं, एजन्सी नावाच्या विकत घ्यायच्या जागेच्या वर्कशॉपमध्ये ठरावीक गाड्यांना मिसाइल लॉक-ऑन जॅमर बसवता येऊ लागला, आणि बफेलो एसटीएक्ससारखी चार दरवाजांची साधी दिसणारी गाडी एकदम सगळ्यांच्या गॅरेजमध्ये दिसायला लागली. तिच्यापेक्षा वेगवान गाड्या ढिगाने होत्या, लोकांनी तिच्यातला जॅमर विकत घेतला.

मधे डिसेंबर २०२० मध्ये कायो पेरिको हाईस्ट आला आणि पैशाच्या बाजूने सगळं सैल झालं. २२ लाखांची कोसात्का पाणबुडी घ्यायची आणि मग एकट्याने, कोणाच्याही मदतीशिवाय, एका फेरीत १० लाखांच्या वर कमवायचे. ज्याला आधी एक सुपरकार घ्यायला आठवडे लागायचे तो आता वीकेंडला दोन घेऊ लागला, त्यामुळे निव्वळ हौसेच्या गाड्या, जुन्या क्लासिक, विचित्र व्हॅन, एकाच मॉडेलचे चार रंग, अशी खरेदी वाढली. जुलै २०२१ मध्ये लॉस सँटोस ट्यूनर्स अपडेट आणि एलएस कार मीट हे गाडीवाल्यांनी जमायचं ठिकाण आलं ते नेमकं या वेळी, ५० हजारांची मेंबरशिप घ्यायची, आत काही गाड्या फुकटात चालवून बघायच्या, जपानी ट्यूनर स्टाइलच्या गाड्या सजवायच्या. पैसा सुटला की माणूस गरजेकडून आवडीकडे जातो, ते इथे अगदी स्वच्छ दिसलं.

२६ जुलै २०२२ चं क्रिमिनल एंटरप्रायझेस अपडेट म्हणजे या बाजारावर कंपनीने थेट हात ठेवला तो दिवस. मार्क टूच्या मिसाइलची पाठलाग करायची ताकद कमी केली आणि किंमत थेट ८० लाख, ट्रेड प्राइस ६० लाख. डेलुक्सो ४७ लाखांवरून ५७ लाख ५० हजारांवर गेली. पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तिसराच होता, धंद्याचा माल विकायचं काम आता इनव्हाइट-ओन्ली, म्हणजे फक्त बोलावलेलेच खेळाडू येतील अशा, सेशनमध्ये करता येऊ लागलं. म्हणजे ज्या भीतीपोटी लोक चिलखती गाड्या घेत होते ती भीतीच एका सेटिंगने टाळता येऊ लागली. किंमत वाढल्याने जेवढी मागणी कमी झाली त्याहून जास्त या मोकळेपणाने झाली असं मला वाटतं, कारण एकट्याच्या सेशनमध्ये मार्क टूपासून पळायचंच नसेल तर जॅमर कशाला.

दर आठवड्याचा ताल वेगळा. गुरुवारी नवीन डिस्काउंट लागतात, भारतात तेव्हा दुपार असते, आणि कॉलेजातून किंवा कामावरून येईपर्यंत मित्रांच्या ग्रुपवर यादी पडलेली असते, कशावर ३० टक्के, कशावर ४०. मुरलेले खेळाडू महागडी गाडी पूर्ण किमतीला घेतच नाहीत, थांबतात. त्यात जुलै २०१९ पासून कसिनोमध्ये लकी व्हील आहे, २० खणांच्या चाकावर एका खणात त्या आठवड्याची गाडी बक्षीस. पुढच्या आठवड्यात हीच बक्षिसात आली तर, या विचाराने बरेच जण खरेदी पुढे ढकलतात. शिवाय मोठ्या अपडेटमधल्या सगळ्या गाड्या कंपनी एकदम सोडत नाही, आठवड्यागणिक एकेक सोडते, म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवायची सवय लोकांना लागली.

जून २०२३ मध्ये सॅन अँड्रियास मर्सिनरीज अपडेटबरोबर कमी वापरल्या जाणाऱ्या जवळपास २०० गाड्या साइटवरून काढून टाकल्या, कारण दिलं की ब्राउझिंग सोपं व्हावं. मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. माल कधीच न संपणाऱ्या दुकानात टंचाई मुद्दाम तयार झाली, आणि त्याबरोबर लोक गाड्या जपायला लागले. गॅरेजमध्ये धूळ खात असलेली जुनी गाडी विकली तर परत मिळेल की नाही याची खात्री राहिली नाही, त्यामुळे ती विकायच्या ऐवजी नवीन गॅरेज घेतलं जातं. काढलेल्या गाड्या अधूनमधून लक्झरी ऑटोज किंवा सिमियनच्या शोरूममध्ये आठवड्यापुरत्या दिसतात, काही गाड्या महिन्याला पैसे भरणाऱ्या जीटीए प्लस सदस्यांना विनवुड कार क्लबमध्ये मिळतात, आणि एरवी कोणी वळूनही बघितली नसती अशी सेडान त्या आठवड्यात धडाधड खपते.

नवीन माणसाची पहिली खरेदी कशी होते हेही बदललंय. मार्च २०२२ मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर गेम आला तेव्हा करिअर बिल्डर दिलं, सुरुवातीलाच ४० लाख हातात, त्यातले किमान ३० लाख धंदा, गाडी आणि हत्यारांवर तिथल्या तिथे खर्च करायचे. आधी चोरलेल्या गाडीत ट्रॅकर बसवून दिवस काढायचे, आता पहिल्या दहा मिनिटांत नवीन गाडी दारात. याच आवृत्तीत हाओज स्पेशल वर्क्स आलं, ठरावीक गाड्यांना जास्त ताकदीचे पार्ट बसवून घ्यायचं दुकान, आणि कन्सोलवर रेस खेळणाऱ्यांची पसंती तिकडे सरकली. पीसीवाल्यांना मात्र ४ मार्च २०२५ ला एनहान्स्ड आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागलं, म्हणजे कन्सोलवर तीन वर्षं जुनी झालेली हाकुचो ड्रॅग बाइकची हौस पीसीवर २०२५ मध्ये नव्याने सुरू झाली. जुना कॉम्प्युटर असल्यामुळे जे लेगसी, म्हणजे जुन्या आवृत्तीवरच राहिले त्यांना हाओचं ते दुकान आजही वापरता येत नाही.