पुठ्ठाबांधणी व कागदी बांधणी

पुस्तकाची प्रत जाड पुठ्ठ्यात बांधायची की कागदी मुखपृष्ठात, हा निर्णय प्रकाशकाला पाने लावण्यापूर्वीच घ्यावा लागतो. आतला समास (पुस्तकाच्या पाठीकडची कोरी जागा), शिलाई आणि छापील किंमत त्यावर अवलंबून असतात. मराठी ग्रंथव्यवहारात या प्रकारांना अनुक्रमे ‘हार्डबाउंड’ आणि ‘पेपरबॅक’ ही नावे रूढ आहेत.

निवडीचा हा प्रश्न फारसा जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमध्ये पुस्तके बहुधा सुट्या फर्म्यांत (एका छापील तावाच्या घड्या घालून होणाऱ्या पानांच्या जुडग्यांत) किंवा तात्पुरत्या पुठ्ठ्यांत विकली जात आणि ग्राहक ती आपल्या ऐपतीप्रमाणे चामड्यात बांधून घेई. प्रकाशकानेच कापडी बांधणीची तयार प्रत विकण्याची पद्धत लंडनमध्ये साधारण १८२० ते १८२५ या काळात सुरू झाली. तिचे श्रेय सामान्यतः विल्यम पिकरिंग या प्रकाशकाला देतात. मात्र नेमक्या वर्षाबाबत एकमत नाही. बांधणीचे खास कापड आर्चिबाल्ड लेटन या बांधणीकाराने त्याच सुमारास प्रचारात आणले.

कागदी बांधणीच्या उगमाविषयी मतभेद अधिक आहेत. फ्रान्समधील त्र्वा शहरात सतराव्या शतकापासून निळ्या कागदी वेष्टनातल्या स्वस्त पुस्तिका निघत. जर्मनीतील लाइपझिगच्या ताउखनित्स या प्रकाशन संस्थेची कागदी वेष्टनातील इंग्रजी माला १८४१ मध्ये सुरू झाली आणि तशीच अल्बट्रॉस माला १९३२ मध्ये आली. लोकप्रिय लेखनात सुरुवात १९३५ च्या पेंग्विन या ब्रिटिश मालेपासून धरतात, पण पेंग्विनचा आटोपशीर आकार आणि विषयवार रंग हे दोन्ही अल्बट्रॉसमध्ये आधीच दिसतात. सहा पेन्स किंमत आणि पुस्तकांच्या दुकानांबाहेरची विक्री हे पेंग्विनचे कर्तृत्व मानणे अधिक सयुक्तिक होय. भारतात मुंबईची जयको (१९४६) आणि दिल्लीची हिंद पॉकेट बुक्स (१९५८) या संस्थांनी हा मार्ग रुळवला.

शिलाईविना केवळ चिकटवलेल्या बांधणीचे पेटंट विल्यम हँकॉक याने १८३६ मध्ये घेतले. जुन्या ग्रंथांचे विक्रेते तिला ‘गटापर्चा बांधणी’ म्हणतात (गटापर्चा हा रबरासारखा झाडाचा चीक); प्रत्यक्षात तिच्यात रबराचा द्राव वापरला जाई. काही दशकांत तो सुकून भुगा होई आणि पाने सुटत.

ब्रिटन-अमेरिकेत कथा-कादंबरी प्रथम पुठ्ठ्यात आणि साधारण वर्षभराने कागदी बांधणीत काढण्याचा प्रघात आहे: आधी उत्सुक वाचक आणि ग्रंथालये, मग किमतीकडे पाहणारा ग्राहक. फ्रान्समध्ये पहिली आवृत्तीच मऊ वेष्टनात असते. खिशात मावणारी स्वस्त आवृत्ती नंतर येते. महाराष्ट्रात ग्रंथालये हा मोठा ग्राहक. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानित वाचनालयांच्या खरेदीला विशेष महत्त्व आले, आणि अनेक हातांतून फिरणाऱ्या प्रतीसाठी पुठ्ठा सोयीचा ठरला. कोश, चरित्रे आणि समग्र वाङ्मय आजही बहुधा पुठ्ठ्यात निघते. कविता, नाटक, अनुवाद आणि पाठ्यपुस्तके कागदी बांधणीत.

हिशोबाचे मर्म गुणकात आहे. वितरकाची सवलत, मानधन आणि अडकलेले भांडवल धरून छापील किंमत निर्मितिखर्चाच्या चार-पाच पट ठेवली, तर बांधणीत प्रतीमागे वाढलेले ५० रुपये किमतीत २०० ते २५० रुपये होऊन उतरतात. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. त्यामुळे कागद-पुठ्ठ्यावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, तो खर्चातच जातो.

डेमी १/८ या नेहमीच्या आकाराचे ३२० पानांचे पुस्तक म्हणजे १६ पानांचे २० फर्मे. मॅपलिथो या छपाईच्या कागदाचा, चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, एक कागद (दोन पाने) सुमारे ०.१ मिमी जाड असतो, म्हणून १६० कागदांचा कणा, म्हणजे पुस्तकाची पाठ, साधारण १६ मिमी होतो. शंभराहून कमी पानांना पुठ्ठा घातला तर आतल्या गठ्ठ्यापेक्षा आवरणच जड होऊ शकते. पुठ्ठा साधारण २ ते ३ मिमीचा घेतात आणि तो पानांच्या तीन कडांबाहेर सुमारे ३ मिमी ठेवतात. चिकट बांधणीत कण्याकडून २-३ मिमी कागद खरवडला जातो. आतला समास तेवढा वाढवला नाही तर ओळींची टोके घडीत जातात.

टिकाऊपणा मात्र पुठ्ठ्यात नसून शिलाईत असतो. फर्मे दोऱ्याने शिवले असतील तर तीच छपाई दोन्ही बांधण्यांना चालते: काही प्रती पुठ्ठ्यात, काही कागदात, उरलेले फर्मे मागणी येईपर्यंत घड्या घालून ठेवायचे. एकदा कणा खरवडला की ही मोकळीक संपते, कारण घडीच उरत नाही. कणा खरवडून चिकटवलेल्या गठ्ठ्यावर चढवलेला पुठ्ठा बाहेरून भारदस्त दिसतो, पण वाचनालयात पाने तितक्याच लवकर सुटतात. ग्राहकाने प्रत मधोमध उघडून दोरा दिसतो का, ते जरूर पाहावे.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दोन्ही प्रकारांना वेगवेगळे दोष जडतात. पुठ्ठा आणि अस्तराचा (पुठ्ठ्याच्या आतून चिकटवलेला) कागद यांच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर नसेल किंवा चिकटवण्याची खळ पातळ असेल, तर पुठ्ठा वाकतो. म्हणून बांधलेली प्रत निदान रात्रभर दाबाखाली ठेवतात. पिठाच्या खळीला कसर लागू नये यासाठी तिच्यात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालण्याची जुनी रीत आहे. कागदी मुखपृष्ठाला प्लॅस्टिकचा पापुद्रा एकाच बाजूने असतो. दमट हवेत आतला कागद फुगतो, पापुद्रा ताणत नाही, आणि मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळते. जाड कार्ड घेतल्याने हा दोष कमी होतो, पूर्ण जात नाही.