आखूड न झालेली पँट

जूनमध्ये गणवेश घ्यायला मेनरोडला गेलं की दुकानदार विचारण्याआधीच दोन इंच लांब पँट पुढे करतो. खालून दुमड घालून घ्या, म्हणतो, वर्षभर पुरेल. सिडकोतल्या आमच्या शेजारच्या अकरा वर्षांच्या पोराची ती दुमड पुढचा जून आला तरी उसवावी लागली नाही. घरच्यांना वाटलं, बापावर गेलाय, उशिरा उंच होईल. पोट अधूनमधून दुखायचं, त्याचं खापर मिसळीवर फुटलं.

निघाला क्रोन्स. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजारावर निबंध लिहिला, त्यावरूनच पुढे हे नाव पडलं. आतड्याला सूज येते, व्रण पडतात आणि ते वर्षानुवर्षं डोकं वर काढत राहतात. साधारण चार रुग्णांमागे एकाला तो विशीच्या आतच गाठतो. मुलांमध्ये त्याची खोड अशी, की जुलाब किंवा रक्त दिसायच्या कितीतरी आधी उंची थांबू शकते. पोटात अन्न नीट अंगी लागत नाही हे झालंच, पण सुजेतून निघणारी रसायनं रक्तातून फिरतात, यकृतात तयार होणारं, वाढीला चालना देणारं आयजीएफ-१ हे संप्रेरक कमी करतात आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेलाही आवर घालतात. म्हणून माझ्या मते पोटदुखीच्या वहीइतकीच दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूणही डॉक्टरांना दाखवावी.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. लहान आतडं मोठ्याला मिळतं तोच सांधा क्रोन्सला आवडतो आणि आतड्याच्या टीबीलाही. दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसू शकतात. टीबी असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर आग भडकते. क्रोन्सवर दिल्या जाणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांनी शरीरात झोपलेला टीबीही जागा होऊ शकतो, त्यामुळे ती सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी करावीच लागते. सूज आहे की नाही एवढं मात्र शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन सांगतं. पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन सुजलेल्या आतड्यातून बाहेर पडतं.

उपचाराचा भाग मला सगळ्यात नवलाचा वाटतो. मोठ्यांना बहुधा स्टेरॉइड देतात. पण स्टेरॉइड स्वतःच उंची खुंटवतं, आणि इथे तर प्रश्नच उंचीचा. म्हणून मुलांसाठी पहिली पसंती असते ती सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रवाहारावर ठेवण्याला. पोळी नाही, भात नाही, गोळ्याबिस्किटं नाहीत. गुण येतो स्टेरॉइडच्या तोडीचा, आणि आतड्याचं अस्तर भरून येण्यात तर बरेचदा सरस. कसा, याचा पूर्ण उलगडा अजून व्हायचाय. आतड्यातल्या जिवाणूंची घडी बदलते एवढं दिसतं.

पण दिवसभर तेच गोड पाणी पिणं म्हणजे पोरांची परीक्षाच. २०१९ मध्ये इस्रायलचे आरी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एक मधला मार्ग तपासला: निम्मा द्रवाहार आणि बाकी निवडक साधं अन्न, म्हणजे चिकन, अंडी, बटाटा, भात, केळं, सफरचंद. मुलांना तो जास्त झेपला, गुणही आला. सुरुवातीला गहू, दूध आणि पाकिटातलं सगळं बंद.

शेजारच्या पोराने यादी वाचून पाव आणि फरसाण दोन्हीवर बोट ठेवलं. “मग राहिला काय, नुसता रस्सा?” तोही नाही, आईने सांगितलं.