बाळ अजून अंगावर का पीत नाहीये?

"बाळ काचेत ठेवलंय" हे मुंबईत कुठल्या ना कुठल्या नात्यात कधीतरी कानावर येतंच, आणि दोन दिवसांनी पुढचं येतं, "अजून अंगावर पीत नाही". मग लगेच आईला दूध येतंय का, ती नीट खाते का, डिंकाचे लाडू पाठवले का, सगळी चौकशी तिचीच. पण बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर बहुतेक वेळा मुद्दा दुधाचा नसतोच, बाळाच्या टायमिंगचा असतो.

पोटात असताना बाळ गर्भजल गिळतं, अंगठाही चोखतं, पण तिथे हवेतला श्वास घ्यायचा नसतो. बाहेर आल्यावर ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं पाळीपाळीने करावी लागतात कारण गिळताना श्वास क्षणभर थांबतो, आणि हा ताळमेळ गरोदरपणाच्या हिशोबाने साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास जमायला लागतो. म्हणून 30 आठवड्यांचं बाळ बोट चोखताना बघून आजी म्हणते "चोखतंय की छान, पाजा की", तर तसं नाही ना! नुसतं चोखताना बाळ सेकंदाला दोनदा ओढतं, तोंडात दूध यायला लागलं की वेग जवळपास निम्मा होतो, कारण मध्येच गिळायचंय आणि श्वासही घ्यायचाय. तिथे गडबड झाली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तोवर नळी. तोंडातून किंवा नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घालतात, सिरिंजचा दांडा काढून ती नुसती वर धरायची, दूध आपसूक खाली उतरतं, ढकलायचं नाही.

पण नळी चालू असतानाच खरी थेरपी सुरू होते. आईने दूध काढून घ्यायचं आणि मग त्या रिकाम्या स्तनावर बाळाला चोखू द्यायचं, म्हणजे ठसका न लागता प्रॅक्टिस. अशा चोखण्याने नळीवरून तोंडाने पिण्यावर बाळं लवकर येतात आणि घरीही लवकर जातात, हे अभ्यासांत दिसलंय. ट्रेन केलेला थेरपिस्ट ग्लोव्हज घालून गाल, ओठ, हिरड्या हलक्या हाताने चोळतो, हे मात्र व्हिडिओ बघून घरी करू नका प्लीज. आणि कांगारू केअर, आईच्या छातीवर उघडं बाळ, 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली पद्धत, खर्च जवळपास शून्य आणि बाबांनाही करता येते, मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

मग वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं, थोडं थोडं, बाळाला जवळपास बसतं धरून. ओठांभोवती निळसर झालं, बोटं ताणून फाकवली, तोंडातून दूध ओघळायला लागलं की थांबायचं, बाळाला दम घेऊ द्यायचा, संपवायचंच म्हणून कोंबायचं नाही.

आईचं दूध पुरत नसेल तर दान केलेलं दूध मिळू शकतं. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्याच सायन हॉस्पिटलात, 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. त्यामुळे मध चाटवणं, घुटी वगैरे काहीच नको, मधातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम (एक गंभीर विषबाधा) होऊ शकतो.

पूर्ण दिवसांचं बाळही ओढत नसेल तर मात्र वाट बघत बसू नका, टाळू दुभंगलेली आहे का, जीभ खाली चिकटलेली आहे का, इन्फेक्शन आहे का, हे डॉक्टरांकडून त्याच दिवशी बघून घ्या.