बाक वाजवणारा मुलगा

माझी मावसबहीण सिडकोतल्या एका शाळेत चौथीला शिकवते. तिच्या वर्गातला एक मुलगा सारखा बाक वाजवायचा. ताई ओरडली की दोन मिनिटं शांत, मग पुन्हा ठकठक. "अगं, त्याला लाजच वाटत नाही," ती म्हणाली. मला तसं वाटलं नाही. पन्नास मुलांच्या गर्दीत बाईंची नजर आपल्याकडे वळवायचा हमखास उपाय त्याला सापडला होता, इतकंच.

ज्या वागण्यामागोमाग हवं ते पदरात पडतं, ते वागणं वाढतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर हे दाखवलं आणि बी. एफ. स्किनर यांनी पुढे त्याचं शास्त्र केलं. हवं ते मिळाल्याने वागणं असं बळावण्याला 'प्रबलन' म्हणतात. लहान मुलाला मोठ्यांचं लक्ष हवं असतं. ते कौतुकाचं असो की रागाचं.

खरी गोम पुढे आहे. ओरडल्यावर मिळणारी दोन मिनिटांची शांतता हे बाईंना मिळालेलं बक्षीस असतं. त्यामुळे बाईंनाही ओरडण्याची सवय लागते. मूल आणि मोठं माणूस असे एकमेकांना घडवत राहतात. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हेच चक्र घराघरांत टिपलं. म्हणूनच मुलांच्या अशा वागण्यावरच्या उपचारात मुलापेक्षा आईवडिलांनाच जास्त शिकावं लागतं.

मॅडसन, बेकर आणि थॉमस या संशोधकांनी १९६८ मध्ये दोन वर्गांतल्या तीन मुलांवर प्रयोग केला. नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही. त्रासदायक वागण्याकडे दुर्लक्ष आणि चांगल्या वागण्याचं कौतुक, हे दोन्ही एकत्र केल्यावर मात्र वागणं सुधारलं. नुसतं दुर्लक्ष करून काम भागत नाही, हे मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगते. मूल दुसऱ्याला मारत असेल तर तिथे दुर्लक्ष चालणारच नाही, लगेच थांबवायलाच हवं. आणि त्याला नीट ऐकू येतं का, वाचायला जमतं का, हेही आधी पाहावं.

छडीचा पर्याय तर कायद्यानेच बंद केला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. पण मनाईनंतर काय करायचं, हे शिक्षकांना कुणीतरी शेजारी बसून शिकवायला हवं.

कारण दुर्लक्ष सुरू केलं की खोडी अनेकदा आधी वाढते. गॅसचा लायटर पेटला नाही की आपण तो खटाखटा चार वेळा दाबतो, तसंच हे. नेमक्या त्याच वेळी आपण ओरडलो, तर मूल शिकतं, की जोरात वाजवलं की जमतं.

ताईने दुर्लक्ष सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी ठकठक इतकी वाढली, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. ताई फळ्यावर लिहीत राहिली. तासाच्या शेवटी त्याने वही उघडून दोन गणितं केली, तेव्हा ती त्याच्या बाकापाशी जाऊन म्हणाली, "हातच्याचं गणित बरोबर सोडवलंस रे."