सिरॅमिक की स्टील? ट्रॅकवर गाडी नेणाऱ्या ग्राहकांसाठी

शर्यतीच्या ट्रॅकवरून आलेली गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये लागली की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "स्टीलच्या ब्रेक डिस्क काढून सिरॅमिक टाकू का?" ज्यांच्या गाडीला कंपनीतूनच सिरॅमिक आलेलं आहे, ते नेमकं उलट विचारतात. दोघांनाही आम्ही आधी एकच विचारतो: ब्रेक दाबल्यावर पेडल पायाला कसं लागत होतं? काहींना हे वेळ काढणं वाटतं. पण डिस्कचा निर्णय या उत्तरानंतरच घ्यायचा असतो, म्हणून हे सविस्तर लिहून देत आहोत.

आधी एक खुलासा. स्टील म्हणतात त्या डिस्क प्रत्यक्षात करड्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) असतात, म्हणून पुढे आम्ही बीडच म्हणू. सिरॅमिक म्हणजे कार्बन तंतूंनी मजबूत केलेलं सिलिकॉन कार्बाइड. रस्त्यावरच्या गाडीत ते पोर्शेने 2001 मध्ये 911 जीटी2 वर आणलं. वजन बिडाच्या साधारण निम्मं. फॉर्म्युला वनच्या डिस्क मात्र याहून वेगळ्या, पूर्ण कार्बनच्या असतात. तिथला अनुभव इथे लावू नका.

पेडल खाली गेलं म्हणजे डिस्क बाद, असं नाही

आमचा आणि तुमचा सर्वात जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे. चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल मऊ पडतं, पाय खोल जातो, मालक घाबरतो (घाबरायलाच हवं) आणि थेट मोठ्या डिस्कची किंवा सिरॅमिक किटची ऑर्डर देऊन टाकतो. किट येतं, बसतं, गाडी पुन्हा ट्रॅकवर जाते आणि पेडल पुन्हा खाली जातं. कारण उकळत होतं ते ब्रेक ऑइल, आणि ते कोणी बदललेलंच नसतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. रोजच्या वापरात हा फरक जाणवतही नाही. ट्रॅकवर मात्र कॅलिपरमधलं, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. डिस्क सिरॅमिकची असो की बिडाची, पिस्टनमागे ऑइल तेच असतं.

उष्णता किती, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. 1500 किलोची गाडी ताशी 200 वरून 80 किलोमीटरवर आणताना, हवेचा रोध सोडला तर, ब्रेकना सुमारे 19 लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. त्यातली दोन तृतीयांश पुढच्या दोन डिस्कनी घेतली आणि त्यांचं बीड मिळून 24 किलो धरलं, तर एका ब्रेकिंगमध्येच ते शंभरेक अंशांनी तापतं. लॅपमध्ये असे पाच-सहा कोपरे असतात आणि मधल्या सरळ पट्ट्यावर थंड व्हायला काही सेकंदच मिळतात.

म्हणून पेडलकडे लक्ष द्या. मऊ पडून खाली गेलं तर ऑइल उकळलं. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याला सोसणाऱ्या तापमानाच्या पलीकडे गेलं आहे. रस्त्यावरच्या पॅडचं ट्रॅकवर असं सहज होतं. कर्बवरून (ट्रॅकच्या उंच कडेवरून) गेल्यावर पहिला दाब खोल गेला आणि पाय एकदा उचलून दाबताच पेडल वर आलं, तर डिस्कने पिस्टन मागे ढकलले आहेत. तिथे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि बेअरिंग तपासावं लागतं. यातल्या एकाही दुखण्यावर महागडी डिस्क हे पहिलं औषध नाही. ट्रॅकसाठीचं, 300 अंशांच्या वर उकळणारं ताजं ऑइल, योग्य पॅड आणि ब्रेकच्या नळ्यांतून नीट काढलेली हवा एवढ्यावर बऱ्याच गाड्या सुधारतात. हे काम आम्ही आधी करून देतो. डिस्क विकण्यात आमचा फायदा जास्त आहे, हे आम्हालाही कळतं. पण त्याच तक्रारीसाठी परत आलेली गाडी आम्हाला नको आहे.

याच संदर्भात आणखी एक. ऑइल पुष्कळदा ट्रॅकवर नाही, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) उकळतं. शेवटचा लॅप तुफान मारून गाडी थेट उभी केली की वारा थांबतो आणि तापलेल्या डिस्क-पॅडची सगळी उष्णता कॅलिपरमध्ये उतरते. आत येताना पेडल उत्तम, बाहेर निघताना गायब. शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न वापरता काढा आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका.

मग सिरॅमिक कोणाला?

गाडी मुख्यतः रस्त्यावर चालते आणि वर्षात मोजकेच ट्रॅक डे होतात, त्यांनी कंपनीचं सिरॅमिक काढू नये. चाकाजवळचं फिरतं वजन कमी राहतं, गंज नाही, रिमवर काळी धूळ नाही आणि रस्त्यावर ही डिस्क फार वर्षं टिकते. तिचं कौतुक रास्तच आहे.

पण दर महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो: बिडाच्या डिस्क लावा, सिरॅमिक काढून जपून ठेवा. कार्बन साधारण 400 ते 500 अंशांपुढे हवेत जळू लागतो. भोवतालचं सिलिकॉन कार्बाइड त्याला झाकून ठेवतं, पण वारंवार तापण्या-निवण्याने पडलेल्या बारीक भेगांतून हवा आत शिरते. रस्त्यावर एवढं तापमान क्वचितच येतं, ट्रॅकवर ते नेहमीचं आहे. म्हणजे डिस्क घासून कमी होत नाही, आतून जळून हलकी होते.

म्हणूनच "जाडी मोजली, भरपूर आहे" हे सिरॅमिकच्या बाबतीत पुरेसं नाही. बिडाच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तर अनेक सिरॅमिक डिस्कवर किमान वजन. आम्ही डिस्क उतरवून, पुसून वजनकाट्यावर ठेवतो आणि कोरलेल्या आकड्याशी ताडून तुम्हाला दाखवतो. नुसतं पाहून सांगा, अशी विनंती पुष्कळदा होते. ती आम्ही मान्य करत नाही. या तपासणीची मजुरी लागते, कारण चारही चाकं आणि कॅलिपर उतरवावे लागतात.

बिडाचा गुण असा की ते आपली अवस्था दाखवतं. डिस्कमधल्या भोकांपासून निघणाऱ्या भेगा डोळ्यांना दिसतात, जाडी मोजता येते आणि बदलताना जीव हळहळत नाही. पोर्शेची 911 जीटी3 कप ही शर्यतीसाठीच बांधलेली गाडीसुद्धा बिडाच्याच डिस्कवर धावते. स्टिअरिंग किंचित जड वाटेल, हे मान्य. लॅप टायमिंगमध्ये तो फरक शोधण्यापेक्षा टायरचं प्रेशर बघा.

बदल करायचाच असेल तर

पुढे-मागे दोन्ही बदलावे लागतात. पुढे बीड आणि मागे सिरॅमिक अशी खिचडी आम्ही बसवत नाही, कारण ब्रेकचा पुढचा-मागचा तोल आणि एबीएस एका ठरावीक जोडीसाठी जुळवलेले असतात. दोन्ही प्रकारांत व्यास आणि जाडी वेगळी असू शकते. पोर्शे 911 च्या 992 मालिकेतल्या जीटी3 वर पुढची बिडाची डिस्क 408 मिलिमीटरची, सिरॅमिकची 410 ची. दोन मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण पॅड डिस्कवर बरोबर बसतं की नाही ते तिथेच ठरतं.

पॅडही सोबत बदलतात, यात सवलत नाही. बिडासाठीचे पॅड सिरॅमिकवर चालवले तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतो. नवीन पॅड डिस्कवर आपला पातळ थर चढवतात आणि तो एकसारखा बसावा म्हणून सुरुवातीला वाढत्या जोराने ठरावीक वेळा ब्रेक लावून मग थंड करावे लागतात. ही पायरी टाळली की थर ठिगळांसारखा बसतो, स्टिअरिंग थरथरतं आणि डिस्क वाकडी झाल्याची तक्रार येते. डायल गेज (वाकडेपणा मोजणारं उपकरण) लावला तर डिस्क बहुधा सरळ निघते. पॅड बसवण्याच्या कामात ही चालवणी आम्ही धरूनच देतो. म्हणून ट्रॅक डेच्या आदल्या संध्याकाळी गाडी आणू नका. त्या घाईत ती होत नाही आणि ती न करता आम्ही गाडी सोडत नाही.

सिरॅमिक असलेल्यांनी चाक स्वतः काढताना हबमध्ये मार्गदर्शक पिना लावूनच ते सरकवावं. रिमचा ठोका बसला तर डिस्कची कड टवकते. गाडी ट्रॅकबाहेरच्या खडीत गेली असेल तर पुढच्या लॅपआधी डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलेला नाही ना, ते बघा.

वेळ घेताना एवढं सांगा: गाडीचं मॉडेल, वर्षाला किती ट्रॅक डे, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं आणि पॅड कोणते आहेत. पॅड निम्म्याखाली आले असतील तर तेही कळवा. पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे लवकर जाते, त्यामुळे ट्रॅकसाठी आम्ही ते तेव्हाच बदलतो आणि तुमच्या गाडीचे पॅड आधी मागवून ठेवू शकतो. काढलेल्या सिरॅमिक डिस्क वजनाची नोंद करून, गुंडाळून आमच्याकडे ठेवण्याची सोयही आहे. गाडी विकायची वेळ आली की त्या परत बसवून देतो.