चष्म्याच्या दुकानातून, लेझरविषयी

चष्मे विकणाऱ्याने चष्मा घालवायच्या ऑपरेशनवर माहितीपत्रक काढावं, याचं काहींना हसू येतं. पण आमच्या दादरच्या दुकानात नंबर तपासून झाला की बरीच तरुण मंडळी तेच विचारतात, "लेझर केलं की सुटलो ना कायमचे?" दर वेळी काउंटरवर उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलं. आम्ही ऑपरेशन करत नाही आणि कुठल्या हॉस्पिटलकडून कमिशनही घेत नाही. चष्मा विकला गेला तर आम्हाला आनंदच आहे, हेही कबूल.

लेझर नेमकं करतं काय

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम बुबुळापुढचं काचेसारखं पारदर्शक आवरण करतं. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मायनस नंबरवाल्यांचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो, म्हणून प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. लेझर ही लांबी कमी करत नाही, ते कॉर्निया मधोमध किंचित चपटा करतं. त्यासाठी एक्झायमर लेझर वापरतात, म्हणजे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण. त्यांनी आजूबाजूचा भाग भाजत नाही, नेमका हवा तेवढाच पापुद्रा उडतो. या लेझरचा हा गुण १९८१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आला, तोही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर. तो तुकडा प्रयोगशाळेत घेऊन आलेले रंगास्वामी श्रीनिवासन मूळचे आपल्या भारतातले.

तीन नावं कानावर येतील. पीआरकेमध्ये वरची नाजूक साल काढून थेट पृष्ठभागावर लेझर मारतात; साल भरून यायला चार-पाच दिवस लागतात आणि तोवर डोळा चांगलाच चुरचुरतो. लॅसिकमध्ये पातळ झडप उघडून आत लेझर, मग झडप जागेवर. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसतं. स्माइलमध्ये झडप नसते आणि एक्झायमरही नसतो, दुसऱ्या प्रकारच्या लेझरने आतच चकती कापून छोट्या चिरेतून ती बाहेर काढतात.

पावतीमागचं गणित

जाहिरातीत हे नसतं, पण आमच्या मते सगळं यावरच ठरतं. कॉर्नियाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. लॅसिकमध्ये एका नंबरमागे साधारण १५ मायक्रॉन जातात असं धरा, झडपेचे ११० धरा, आणि खाली किमान २५० तरी शिल्लक राहायला हवेत; बरेच डॉक्टर ३०० ठेवतात. जाडी ५२० आणि नंबर उणे ६ असेल तर ९० आणि ११० वजा जाऊन ३२० उरतात. ठीक. जाडी ४८० आणि नंबर उणे ९ असेल तर उरतात २३५. अशा वेळी "बघू, करून टाकू" म्हणणाऱ्याच्या दारातून परत या. जास्त नंबरवाल्यांना डोळ्याच्या आत बसवायची लेन्स हा वेगळा मार्ग असतो.

जाडी पुरेशी असली तरी कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय हो म्हणू नका. केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीला तो नकाशातच दिसतो, आणि त्यावर लेझर मारलं तर डोळा आणखी बिघडतो. सतत डोळे चोळायची सवय असेल किंवा सिलिंडरचा नंबर (कॉर्नियाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा) वारंवार बदलत असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. थेंब टाकून पडद्याची तपासणीही हवीच. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा पडदा कमजोर असू शकतो, आणि नंबर गेला म्हणून तो सुधारत नाही.

लग्नाची घाई

गेल्या हंगामात एक मुलगी आईला घेऊन आली. लग्न तीन आठवड्यांवर, सॉफ्ट लेन्स रोज बारा तास डोळ्यात. आई म्हणाली, "अंतरपाट दूर झाला की जावई नीट दिसायला नको का हिला?" आम्ही समजावलं की लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मोजमापाआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवावी लागते, सेमी-सॉफ्ट त्याहून जास्त. त्यानंतर ऑपरेशन, आणि मग ताज्या डोळ्यांत मेकअप, होमाचा धूर, अक्षता! मुलीला पटलं. लग्न लेन्स लावूनच झालं, लेझर चार महिन्यांनी.

वय किमान १८ हवं आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना थांबायचं. सैन्यदलं, रेल्वे अशा काही भरत्यांत लेझर केलेल्या डोळ्यांसाठी वेगळे नियम असतात, ते आधी वाचा.

प्रत्यक्ष टेबलावर सुई नाही, थेंबांनीच डोळा बधिर करतात. पापणी उघडी ठेवायला चिमटा, समोर लुकलुकणारा दिवा, काही क्षण दाब आणि अंधारी, मग जळक्या केसांसारखा वास. घाबरू नका, केस जळत नसतात. लेझर एका डोळ्यावर बहुधा मिनिटभरही चालत नाही. घरी जाताना सोबत कुणीतरी हवं. नंतर काही आठवडे, कधी काही महिने डोळे कोरडे वाटतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. डोळे चोळायचे नाहीत. पोहणं, रंगपंचमी आणि पावसाचं पाणी डोळ्यांपासून दूर.

चाळिशी लागणारच

लेझरने चाळिशी टळत नाही. ती डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर झाल्याने येते आणि लेझर त्या भिंगाला हातही लावत नाही. उलट उणे दोन-अडीच नंबरवाला माणूस पन्नाशीत चष्मा काढून पेपर वाचतो. लेझर केलं की ती सोय जाते. पंचेचाळिशीच्या गिऱ्हाइकांना आम्ही हे दोनदा सांगतो.

ऑपरेशनआधीचे रिपोर्ट फेकू नका. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला ते लागतात. काचबिंदूच्या तपासणीतही लेझर झाल्याचं सांगा, कारण पातळ कॉर्नियावर डोळ्याचा दाब आहे त्याहून कमी दाखवला जातो. तुमचे जुने नंबर आमच्याकडच्या कार्डावर आहेत. जुनी पावती किंवा मोबाइल नंबर सांगा, उतारा फुकट देऊ. सोमवारी दुकान बंद असतं.